वाढत्या अंगाची खुर्ची

ओब्दुलिया येस्कास कुणाच्याही घरी गेली तरी खुर्चीवर बसत नाही. चुलीपाशी बायकांसाठी जो बुटका ओंडका असतो त्यावर बसेल, उंबऱ्यावर बसेल, मक्याच्या पोत्यावर बसेल. नवख्या माणसाला वाटतं, किती साधी बाई, किती नम्र. नम्र कसली डोंबलाची. एकदा पाद्रीबाबांनी हाताला धरून आग्रह केला, "बस ना बाई, खुर्चीवर," तर भर पंगतीत म्हणाली, "बाबा, जिथं माझे पाय जमिनीला लागत नाहीत तिथं मी बसत नाही. मी काय वाळत घातलेली चादर आहे लोंबायला?" पाद्रीबाबांनी कालवणाचं ताट पुढे ओढलं. तिच्यापुढे पुष्कळजण गप्प बसतात, आणि जे बसत नाहीत त्यांची ती पार दैना करते.

आता, उंची म्हणाल तर आमच्या सान्ता मार्ता लाचिना गावात उंच कुणीच नाही. आमचा डोंगर चढायला लांब टांगा लागत नाहीत, छातीत दम लागतो. पण हे कबूल कोण करणार? आमच्याकडचा प्रत्येक पुरुष आपली उंची हॅट धरून सांगतो, आणि पोराची उंची सांगताना तर पुढच्या वर्षीचीच सांगतो. ओब्दुलिया तेवढी उघड म्हणते, "मी बुटकी आहे. माझी आई बुटकी होती. त्यात काय चोरी केलीय?"

तिच्या हनुवटीवर एक जुनी खूण आहे. ती शाळेतली. तिसरीत होती तेव्हाची. त्या वेळचे बाक खालच्या दरीतून आलेले, दरीतल्या माणसांच्या मापाचे. पोरं त्यावर चढून बसायची आणि पाय खाली लोंबायचे. बाकाची कड मांडीखाली रुतायची, तासाभरात पायांना मुंग्या यायच्या, मग पाय आहेत की नाहीत हेच कळायचं नाही. अशातच गुरुजींनी तिला फळ्यापाशी बोलावलं. ती उतरली आणि पाय तिच्याखाली नव्हतेच. तोंडावर आपटली, हनुवटी फुटली, सगळा वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी ती आपली खाली जमिनीवर बसली आणि वही बाकावर ठेवून लिहू लागली. गुरुजी म्हणाले, बाकावर बस नाहीतर घरी जा. ओब्दुलियानं दप्तर उचललं आणि घरी गेली. तिला परत बोलवायला कुणी आलं नाही. बापानं तिला मेंढरांमागे लावून दिलं, आणि शाळा संपली ती संपलीच. सही करता येते, हिशेब तोंडी करते, पण वाचायचं म्हटलं की अजून अक्षराखाली बोट धरून अडखळते, आणि त्याची चीड तिला आजतागायत आहे.

गंमत बघा. हीच बाई पुढे आयुष्यभर शाळेच्या खुर्च्या बनवत राहिली. आमचं जंगल गावाचं, पाइनची झाडं गावाची, लाकूड कापायची गिरणीही गावाची. गिरणीला लागूनच सुतारशाळा, आणि तिथून खुर्च्या भरून ट्रक सगळ्या राज्यात जातात. शहरातल्या शिक्षण कचेरीनं प्राथमिक शाळांसाठी एकच माप पाठवलेलं. पहिलीचं पोर असो की सहावीचं, खुर्ची तीच. ओब्दुलिया सांधे बसवायची, कडा घासायची. तिचा धाकटा भाऊ क्रिसोफोरो सुतारशाळेचा व्यवस्थापक. त्याला ती अधूनमधून विचारायची, "अरे, ही कुणासाठी रे? राक्षसाच्या पोरांसाठी?" तो म्हणायचा, "ताई, तू घास."

खुर्च्या दुसऱ्यांच्या गावी जात होत्या तोवर तिनं घासल्या. मग त्या आमच्याच शाळेत आल्या.

ओब्दुलियाचा मुलगा आणि सून उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला. नात कासिल्दा आजीपाशी. तिसरीत. पोर चुणचुणीत, तोंडाळ, आजीचंच बेणं. शाळेत जायचं म्हटलं की सकाळी उड्या मारत उतारावरून धावायची. नव्या खुर्च्या आल्यापासून उड्या बंद झाल्या. आधी पोटात दुखायला लागलं, मग डोकं. मग एक दिवस ती शाळेऐवजी मक्याच्या शेतात सापडली, ताटांमध्ये लपून बसलेली.

"काय गं झालं?" ओब्दुलियानं विचारलं. "बाई मारतात?"

"नाही. माझे पाय मरतात."

ओब्दुलिया तडक शाळेत गेली. वर्ग भरला होता. ती दारातच उकिडवी बसली आणि पोरांच्या खुर्च्यांखाली बघू लागली. सगळीकडे पाय लोंबत होते. काही हलत होते, काही एकमेकांवर घासत होते, कुणी बूड पुढे सरकवून कसाबसा अंगठा टेकवला होता आणि पाठ पार वाकवली होती. कासिल्दा गुडघे मुडपून खुर्चीवर वर चढून बसली होती.

"कासिल्दा, नीट बस," रोसाउरा बाई सवयीनं म्हणाल्या. मग दारात आजी दिसली तशा थोड्या वरमल्या. "काय करू मावशी, अर्धा वर्ग नुसता चुळबुळ करतो. वळणच नाही पोरांना."

"वळण लावायला आधी पाय टेकायला लागतात, बाई. तुम्ही स्वतः टेबलावर चढून बसा आणि तसंच दुपारपर्यंत शिकवा. बघू तुम्ही किती चुळबुळता ते."

बाईंनी बिचाऱ्यांनी खरंच मधल्या सुट्टीत तसं बसून पाहिलं. तेव्हापासून त्यांनी चुळबुळीवरून कुणाला ओरडणं सोडलं. पण खुर्च्या काही त्यांच्या हातात नव्हत्या. सरकारी माल, पाय कापला तर बाईंवरच बालंट.

पुढची ग्रामसभा आली. छपरावरच्या कर्ण्यानं गाव गोळा केलं. आमच्या गावकचेरीत समोर एक उंच बाक आहे, गावाचे अध्यक्ष आणि बाकीचे मानकरी त्यावर ओळीनं बसतात. आम्ही खाली. सगळे विषय संपून लोक हॅटा शोधायला लागले तशी ओब्दुलिया उठली.

"शाळेच्या खुर्च्या उंच आहेत. पोरांचे पाय लोंबतात. आपल्याच गिरणीत, आपल्याच पाइनच्या, आपल्याच हातानं बनवलेल्या खुर्च्यांवर आपलीच पोरं बसू शकत नाहीत. मला लाज वाटते. तुम्हाला वाटते का ते सांगा."

कुणाला वाटली नाही. अध्यक्ष वुल्फ्रानोकाका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं ओब्दुलिया, पोरं वाढतात. बूट आपण मोठाच घेतो ना? स्वेटर मोठाच घेतो. वाढत्या अंगाचं घ्यावं."

"बूट मोठा असला तर बोळा कोंबता येतो, काका. खुर्चीखाली काय कोंबू? डोंगर?"

लोक हसले. क्रिसोफोरोला ते झोंबलं. सुतारशाळेची अब्रू भर सभेत बहिणीनंच काढलेली. तो उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "ताईला शाळेची एवढी कळकळ आहे, तर शाळा समितीचं पद या वर्षी तिलाच द्यावं, असं मी सुचवतो."

हा आमच्याकडचा ठरलेला डाव. जो फार बोलतो त्याच्या गळ्यात पद मारायचं. बिनपगारी, वर्षभराचं, आणि नाही म्हणायची सोय नाही. समितीवरचा माणूस संडासाच्या तुंबलेल्या नळामागे, सणाच्या मंडपामागे आणि फुटलेल्या कौलांमागे पळून पळून असा थकतो की पुन्हा म्हणून तोंड उघडत नाही. सगळे हात वर झाले. ओब्दुलियानं आजूबाजूला पाहिलं.

"घेतलं पद," ती म्हणाली. "आता ऐका. समितीला तेकिओ बोलवायचा हक्क आहे. बोलवला."

तेकिओ म्हणजे घरटी एक माणूस गावाच्या कामाला, फुकट, आणि येणार नाही त्याला दंड. तिनं फर्मान काढलं की सरकारी खुर्च्यांना हात लावायचा नाही, त्या रचून ठेवायच्या. गिरणीतल्या उरल्यासुरल्या फळ्यांच्या नव्या खुर्च्या करायच्या, प्रत्येक पोराच्या मापाच्या. बापानं घरी एक दोरी घ्यायची. पोराला बसवून, टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत दोरी धरायची, तिथं गाठ मारायची. गाठीएवढा खुर्चीचा पाय. दोरी सुतारशाळेत खिळ्याला अडकवायची, वर पोराचं नाव.

सोपं काम. आमच्या लोकांनी त्याची जी माती केली ती फक्त आमचेच लोक करू जाणे.

पहिली दोरी तेओदुलोनं अडकवली. खरी होती. मग फेर्मिन आला. त्यानं आपल्या पोराची दोरी तेओदुलोच्या पोराच्या शेजारी धरून बघितली. दोन्ही पोरं एकाच वर्गात, आणि फेर्मिनची दोरी बोटभर कमी. फेर्मिननं इकडेतिकडे बघितलं, गाठ सोडली, वर सरकवली, आणि वर आणखी अर्धं बोट वाढत्या अंगाचं म्हणून. दुपारी तेओदुलो परत आला, त्यानं ते पाहिलं आणि आपली गाठ सोडली. तिसऱ्यानं दोघांच्याही वर मारली. पोरींच्या बापांना वाटलं, आपली पोर का खाली राहावी? आठवडाभर सुतारशाळेत माणसं काहीतरी विसरल्याच्या निमित्तानं येत होती आणि गाठी सोडबांध करत होती. ओब्दुलिया तेव्हा शाळेच्या तुंबलेल्या नळात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. कापायच्या दिवशी ती आली तेव्हा सगळ्या दोऱ्यांच्या गाठी एका रांगेत, जवळजवळ सारख्या उंचीवर होत्या, पण तिला ते खटकलं नाही. तिचा विश्वास होता. बाप आपल्या पोराच्या पायाबद्दल खोटं बोलेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

घराघरांतून माणसं आली, खुर्च्या झाल्या. मेस्कालच्या दारूचा पेला फिरला, बायकांनी बीन्स आणि मक्याच्या गरम तोर्तिया आणल्या. सोमवारी वाजतगाजत खुर्च्या शाळेत गेल्या. पोरं बसली.

सगळ्यांचे पाय लोंबत होते.

क्रिसोफोरोनं एक नवी खुर्ची उचलली, रचून ठेवलेल्या सरकारी खुर्चीशेजारी ठेवली. अगदी बरोब्बर तेवढीच. तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. "ताई, कचेरीचं माप तू एवढं मनावर घेतलंस होय?" बाप लोक आधी गोंधळले, मग एकमेकांकडे बघायचं टाळू लागले, आणि मग तेही हसले, कारण हसण्यात लपता येतं. गाठींचं गौडबंगाल ओब्दुलियाच्या ध्यानात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला खरी जखम झाली ती हसण्यानं नाही. कासिल्दा खुर्चीवरून उतरली. दप्तर उचललं. आजीच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "आजी, मी घरी जाते हं."

तेच शब्द नव्हते, पण तेच दप्तर उचलणं होतं, तोच दरवाजा. ओब्दुलिया तिला अडवू शकली नाही. हात धरून परत त्या खुर्चीवर बसवायला ती काय तो जुना गुरुजी होती? ती बघत राहिली. मनात एवढंच होतं की ही पोर आज गेली, उद्या गेली, तर परवा माझ्यासारखी कायमची जाईल, आणि खुर्चीनं आमच्या घरातली दुसरी शाळा खाल्ली असं होईल. नाही होऊ देणार. मेले तरी नाही.

त्याच आठवड्यात समितीच्या कामाचा हिशेब द्यायला सभा होती. लोक जमायच्या आधी ओब्दुलिया गावकचेरीत शिरली. हातात कानस, हातोडा, पहार, काय मिळेल ते. मानकऱ्यांच्या उंच बाकाखाली एक आडवी फळी ठोकलेली आहे, आमच्या आजोबा-पणजोबांपासून. तिच्यावर मानकरी पाय ठेवतात. बाक उंच, कारण मान उंच दिसला पाहिजे. आणि फळी, कारण माणसं बुटकी. इतकी वर्षं ती फळी सगळ्यांना दिसत होती आणि कुणालाच दिसत नव्हती. ओब्दुलियानं ती उखडून काढली, खांद्यावर टाकली आणि दारात उभी राहिली.

वुल्फ्रानोकाका आले, बाकावर चढून बसले, पाय ठेवायला गेले आणि पाय हवेत. बाकीच्यांचेही हवेत. सगळा गाव बघतोय.

"फळी कुठाय?" काका म्हणाले.

"माझ्यापाशी. पाय वाढतील, काका. वाढत्या अंगाचा बाक आहे."

क्रिसोफोरो उठून ओरडला की ही गावाची मालमत्ता आहे, हिला आत टाका. नियम तसाच आहे, गावाच्या वस्तूला हात लावला की कोठडी. गावकचेरीचे दोन पोरगेले शिपाई पुढे आले आणि अडले, कारण त्यातल्या एकाची ती मावशी लागते.

"लाजू नकोस रे," ती त्याला म्हणाली. "मीच जाते. फळी घेऊन जाते." आणि ती गेली. कोठडी कचेरीतच, सभेकडे तोंड केलेली, लाकडी गजांची. ती आत फळीवर बसली, पाय जमिनीवर नीट टेकवून, आणि गजांतून म्हणाली, "हं, चालवा सभा. मला इथून सगळं ऐकू येतं."

आमच्या सभा लवकर संपत नाहीत. पाण्याचा विषय आला, गिरणीच्या पात्याचा आला, शेजारच्या गावाच्या गुरांचा आला. मानकरी आधी ताठ बसले होते. मग एकानं बूड सरकवलं. दुसऱ्यानं पाय पायावर घेतला. तिसरा मांडीखाली हात घालून बसला. चुळबुळ, नुसती चुळबुळ. रोसाउरा बाई मागे उभ्या होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "वळणच नाही." पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही.

शेवटी मत घ्यायला वुल्फ्रानोकाका उतरले. पाय जमिनीला लागले आणि दुमडले. काका क्रिसोफोरोच्या अंगावरच कोसळले असते, त्यानं काखेत धरलं म्हणून वाचले. सबंध सभा हसायच्या बेतात होती. पण कोठडीतून ओब्दुलियाचा आवाज आला, आणि त्यात हसू नव्हतं.

"पाय झोपला ना, काका? हातानं चोळा. वरून खाली. उतरेल आत्ता." मग म्हणाली, "मी आठ वर्षांची असताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळे हसले होते. शाळेची खोली तेव्हा एकच होती, तुम्हीही त्यात होतात. थोरल्यांच्या रांगेत."

काकांनी वाकून पाय चोळला. त्यांनी हॅट काढली. मग म्हणाले, "हिला बाहेर काढा."

"आधी ठरवा," ती आतूनच म्हणाली. "मापं पुन्हा घ्यायची. आणि या वेळी बापानं घ्यायची नाहीत, ते सगळे लबाड आहेत. शेजाऱ्यानं घ्यायची, बापाच्या समोर. शेजारी गाठ खाली ओढेल, बाप वर ओढेल, मधे कुठंतरी पोराचा गुडघा सापडेल."

"आणि पोरं वाढली की?" क्रिसोफोरोनं विचारलं. पण आता तो चिडून नव्हता विचारत.

"थोरल्याचा सदरा धाकट्याला जातो ना घरात? तशी खुर्ची जाईल. वाढला की पुढच्याची घ्यायची, आपली मागच्याला द्यायची. दरवर्षी एका आडदांड सहावीवाल्यासाठी तेवढी एखादी नवीन. यात न समजण्यासारखं काय आहे?"

हात वर झाले. आधी बायकांचे. मग फेर्मिनचा, मान खाली घालून.

मापं झाली. दोनचार भांडणं झाली, एक दात हलला, पण गुडघे खरे निघाले. नवीन लाकूड लागलं नाही. त्याच खुर्च्यांचे पाय कापायचे होते. क्रिसोफोरोनं स्वतः करवत चालवली. ज्या खुर्च्यांची बैठक खोल होती त्यांची पाठ त्यानं पुढे आणली, पोराची पाठ टेकावी आणि गुडघा कडेला अडू नये म्हणून. बहिणीशी एक शब्द बोलला नाही, पण कासिल्दाच्या खुर्चीच्या कडा त्यानं इतक्या घासल्या की हात लावला तर लोण्यावरून फिरल्यासारखा फिरावा. गावकचेरीचा बाकही त्यानंच कापला. फळी ओब्दुलियानं परत दिली नाही.

खुर्च्या लागल्या त्या दिवशी ओब्दुलिया कासिल्दाला घेऊन शाळेत गेली. पोर बसली. पाय जमिनीवर, तळवे सपाट. तिनं एकदा टाच आपटून बघितली, मग दुसरी. मग वही उघडली, आणि आजी आहे की गेली हे बघायलाही तिनं मान वर केली नाही.

मागच्या रांगेत सहावीवाल्यांची एक खुर्ची रिकामी होती. ओब्दुलिया तिच्यापाशी उभी राहिली. नेहमीसारखी संशयानं. मग ती बसली. पाय टेकले. आयुष्यात पहिल्यांदा शाळेत तिचे पाय टेकले, आणि तिचा चेहरा असा काही झाला की रोसाउरा बाईंनी पाठ फिरवून उगाच फळा पुसला.

दारात क्रिसोफोरो आला. "ताई, संडासाचा नळ परत तुंबलाय. समितीला बोलावलंय."

"जरा थांब म्हणावं नळाला."

"किती वेळ थांबायचं?"

ओब्दुलियानं पुढच्या पोराकडून पेन्सिल मागून घेतली. बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या पहिल्या ओळीवर ती हवेतच पेन्सिलीचं टोक फिरवू लागली, अक्षरामागून अक्षर.

"मला तिसरीत उठवलं होतं," ती फळ्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता मी बसलेय. नळ तू मोकळा कर."